समुद्रकाठच्या उन्हाळी घरांपैकी अभ्यास करावा असं घर कोणतं?

समुद्रकाठी उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घरांपैकी रचना आणि इतिहास दोन्ही शिकण्यासारखं एक घर सांगा, असं तुम्ही विचारलंय. मी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, रोकब्रून-काप-मार्तँ इथलं 'ई-१०२७' सांगेन. मी सोलापुरात घरांचे नकाशे काढते. समुद्र आमच्यापासून लांब आहे, पण ऊन घरात कुठून शिरतं आणि माणसाला कसं छळतं हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून हे घर मला फार जवळचं आहे.

ते बांधलं आयलीन ग्रे यांनी, १९२६ ते १९२९ या काळात. जन्म आयर्लंडचा, नाव झालं लाखकामात (लाकडावर लाखेचे चकचकीत थर चढवण्याच्या कलेत) आणि फर्निचरमध्ये. वास्तुरचनेचं रीतसर शिक्षण नव्हतं. काम सुरू झालं तेव्हा वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. घर होतं त्यांचे मित्र, वास्तुविशारद जाँ बादोविसी यांच्यासाठी. नावात दोघांची आद्याक्षरं गुंफली आहेत: आयलीनचा 'ई', मग इंग्रजी वर्णमालेतलं दहावं अक्षर 'जे', दुसरं 'बी' आणि सातवं ग्रेचं 'जी'.

खडकाळ उतारावर, पुढचा भाग खांबांवर उचललेलं, पांढरं, सपाट छताचं घर. मोठी खोली समुद्राकडे, म्हणजे दक्षिणेला. झोपायची खोली सकाळचं ऊन मिळेल अशी. खिडक्यांच्या झडपा सरकतातही आणि त्यांच्या पट्ट्या फिरवताही येतात, म्हणजे ऊन अडवून वारा घेता येतो. गच्चीच्या कठड्याला जहाजावर असतं तसं कॅनव्हास. थंडीत ते काढलं की बसणाऱ्याच्या पायांना ऊब मिळते. बसलेल्या माणसाच्या पायांचा विचार किती नकाशांत दिसतो?

मला सगळ्यात आवडतं ते स्वयंपाकघर. त्या भागातल्या बायका उन्हाळ्यात बाहेर आणि थंडीत आत रांधतात हे ग्रे यांनी पाहिलं होतं. म्हणून तिथे घडी होणारी काचेची तावदानं बसवली. ती घडी करून बाजूला सारली की स्वयंपाकघर अंगणाचाच भाग होतं. माझ्या आजीच्या माळवदाच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत चूल बाहेर पडवीत यायची आणि रात्री आम्ही सगळे माळवदावर झोपायचो. हजारो मैलांवर कुणीतरी तेच निरखून त्यावरून भिंत ठरवली, हे वाचून मला खरंच भरून आलं होतं. आज माझ्याकडे येणारे बरेच जण पश्चिमेला अखंड मोठी काच मागतात. मी त्यांना हा नकाशा काढून दाखवते.

इतिहास मात्र त्रास देणारा आहे. ग्रे यांनी ते घर लवकरच सोडलं. १९३८-३९ मध्ये बादोविसींचे स्नेही, चंडीगडची रचना करणारे प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी तिथल्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली, ग्रे यांना न विचारता. चित्रकार कितीही मोठा असो, ज्या बाईने प्रत्येक भिंत मोजूनमापून मोकळी ठेवली तिच्या कामावर केलेलं हे आक्रमण आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढे १९५२ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी घराच्या वरच्या अंगाला स्वतःसाठी लाकडी खोपटं बांधलं, ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, आणि १९६५ मध्ये तिथल्याच समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. ते खोपटं २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर एकाच नोंदीत.

ई-१०२७ मात्र पडझडीला लागलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी भिंतींवर नेमबाजी केली, आणि पुढे कित्येक वर्षं घराचं श्रेय इतरांनाच दिलं जात होतं. १९६८ मध्ये वास्तुकलेचे इतिहासकार जोसेफ रिक्वर्ट यांच्या लेखाने ग्रे यांचं नाव पुन्हा पुढे आणलं. त्या तेव्हा नव्वदीला आल्या होत्या. १९९९ मध्ये किनारा-संवर्धनाच्या सरकारी संस्थेने घर घेतलं आणि दुरुस्तीनंतर ते लोकांसाठी उघडलं.

अभ्यास करायचा असेल तर फोटोंआधी नकाशा आणि छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारं चित्र) मिळवा. दिशा बघून पेन्सिलीने सकाळ-दुपारचं ऊन काढा, मग प्रत्येक झडप कुठे आणि का आहे ते आपोआप उलगडत जाईल.