कंपनीच्या महिला सक्षमीकरण गटाचं समन्वयकपद घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीत भरतीच्या वेळी मुली भरपूर दिसतात, पण टीम लीडच्या वर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. आता महिला सक्षमीकरण गट निघालाय, समन्वयक म्हणून तुमचं नाव पुढे आलंय, आणि यातून खरंच काही होईल का अशी शंका आहे.

होईल. पण होकार देण्याआधी मॅनेजरला एवढं विचाराच: या कामाचे तास माझ्या नेहमीच्या कामातून कमी होणार का, आणि अप्रेझलमध्ये, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनात, ते कुठे धरले जाणार? ‘हे आपलं आवड म्हणून’ असं उत्तर आलं, तर गटाने पहिल्यांदा कशात हात घालायचा ते तुम्हाला तिथल्या तिथे कळलं.

मी बरीच वर्षं कोड लिहिला आणि आता बढतीच्या चर्चांमध्ये बसते. तिथे बायकांबद्दल वाईट बोलतात असं नाही. उलट कौतुकच होतं. ‘फार जबाबदार आहे, नव्या मुलांना सांभाळून घेते, तिच्यामुळे टीम एकत्र आहे.’ मग कोणीतरी विचारतं, ‘पण मोठं असं काय केलंय?’ आणि खोलीत शांतता. कारण वर्षभर तिने मीटिंगची टिपणं काढलेली असतात, डॉक्युमेंटेशन नीट लावलेलं असतं, फ्रेशर्सना शिकवलेलं असतं, टीमची सहल ठरवलेली असते. यातलं एकही काम फुकट गेलेलं नसतं, पण बढतीच्या कागदावर त्याला रकानाच नाही.

बायकांचा स्वभावच तसा, असं म्हणून लोक हात झटकतात. लिंडा बॅबकॉक, लिसे वेस्टरलुंड या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग त्यांना दाखवा. तिघांचा गट, दोन मिनिटं, कोणीतरी एकाने बटण दाबायचं. दाबणाऱ्याला थोडे पैसे, बाकीच्या दोघांना जास्त. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा बटण दाबलं. आता गंमत पाहा, सगळे पुरुषच असलेल्या गटांत पुरुषांनी मुकाट्याने दाबलं आणि तो फरक उरला नाही. म्हणजे समोर बाई असली की ती करेल असं सगळेच धरून चालतात, तीसुद्धा. पुढच्या प्रयोगात हे काम कोणाला सांगायचं ते ठरवायला एक माणूस नेमला, तेव्हाही विचारणा बायकांनाच जास्त झाली. ठरवणारी व्यक्ती बाई असली तरी फरक पडला नाही.

म्हणून आत्मविश्वासाच्या कार्यशाळांवर माझा फारसा विश्वास नाही. (8 मार्चचा केक आणि जांभळ्या रंगाचा ड्रेस कोड याबद्दल तर बोलतच नाही.) जिथे आकडे खरोखर हलले, तिथे मुलींना दुरुस्त करायला कोणी बसलं नव्हतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली 7 टक्के होत्या, 2000 मध्ये 42 टक्के. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या संशोधकांनी विद्यार्थ्यांशी बोलून कारण शोधलं होतं. मुलं लहानपणापासून घरच्या संगणकाशी खेळून आलेली असत आणि त्या सरावालाच सगळे हुशारी समजत. मुलीही तसंच समजत आणि गुण चांगले असूनही खचत. मग विद्यापीठाने प्रवेशात आधीच्या प्रोग्रामिंगला दिलेलं झुकतं माप काढलं आणि पहिल्या वर्षाला अनुभवानुसार वेगवेगळे वर्ग ठेवले. अमेरिकेतल्याच हार्वी मड कॉलेजनेही पहिला कोर्स असाच विभागला. शिवाय वर्गात सतत आपलं ज्ञान पाजळणाऱ्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन समजावत. तिथेही काही वर्षांत मुलींचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपासून 40 पर्यंत गेलं.

कंपनीत याचा अर्थ कामाचं वाटप. गटाच्या पहिल्या बैठकीत भाषण ठेवू नका, एक यादी मागा. गेल्या वर्षभरात नवीन सिस्टिमचं डिझाइन कोणाला दिलं, प्रॉडक्शनमधला, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टिममधला, मोठा बिघाड कोणी हाताळला, क्लायंटसमोर किंवा वरिष्ठांसमोर कोण उभं राहिलं? आणि टिपणं, ऑनबोर्डिंग (नव्यांना कामात रुळवणं), कार्यक्रम कोणाकडे होते? एवढं एका पानावर आलं की वाद घालावा लागत नाही. मग टिपणं पाळीपाळीने, नावाच्या क्रमाने. स्वेच्छेने कोण करेल असं विचारायचंच नाही, कारण हात कोणाचा वर जाणार ते आता तुम्हाला माहीत आहे.

दुसरी मागणी बाळंतपणाच्या रजेनंतर परतणाऱ्यांसाठी. परत आल्यावर ‘तुला त्रास नको’ म्हणून त्यांना सपोर्टचं हलकं काम देतात, आणि त्या तिथेच राहतात. हेतू चांगला असतो, म्हणून भांडताही येत नाही. कोणतं काम झेपेल ते तिला विचारून ठरवा. स्टेफनी शर्ली यांनी 1962 मध्ये ब्रिटनमध्ये कंपनी काढली, ती अशाच घरी बसलेल्या प्रोग्रामर बायकांना घेऊन. त्या घरून काम करत, आणि पुढे त्यांच्यातल्याच काहींनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठी प्रोग्रामिंग केलं. (ग्राहक उत्तर देत नाहीत म्हणून शर्ली पत्रांखाली ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, मग उत्तरं यायला लागली.)

तुमच्यापुरतं एक. दर शुक्रवारी आठवड्यात काय केलं आणि त्याने काय बदललं हे दोन ओळींत लिहून ठेवा. अप्रेझलच्या आदल्या रात्री काही आठवत नाही. आणि मार्गदर्शन करणाऱ्या ताई-दादांपेक्षा, तुम्ही खोलीत नसताना तुमचं नाव घेईल असा एक वरिष्ठ शोधा. तो पुरुष असेल तरी चालेल, बहुतेक ठिकाणी सध्या तोच असतो.

तास आणि अप्रेझल दोन्ही लेखी मिळाले तर पद घ्या. नाही मिळाले तर ‘या तिमाहीत मी अमुक मॉड्यूलचं डिझाइन घेतलंय, त्यामुळे जमणार नाही’ असं कळवा, आणि ते डिझाइन खरंच मागून घ्या.