आजोबांवर लिहिताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी लिहिलेली तुझी पानं मिळाली. दोनदा वाचली. मी साहित्यिक नाही, पलटणीतला कारकून. तेवीस वर्षं दुसऱ्यांची आयुष्यं फॉर्मात भरली, म्हणून जे दिसलं ते स्पष्ट लिहितो. रागवू नकोस.

पहिली गोष्ट. डिसेंबर 1971 मध्ये तू आजोबांना तोफगोळ्यांच्या माऱ्यात सुरुंग काढायला लावलं आहेस. ते तेव्हा खडकीत होते, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीच्या, सेंटरवर, रंगरूटांना शिकवणारे उस्ताद. घरातल्या फोटोत त्यांच्या छातीवर संग्राम मेडल, म्हणजे 1971 च्या युद्धाचं पदक, आहे, त्यावरून तू अंदाज बांधलास. पण ते मेडल सरहद्दीकडच्या राज्यांत डिसेंबर 1972 पर्यंत नोकरी केलेल्यांनाही मिळालं आहे. आजोबा तिकडे गेले ते 1972 च्या उन्हाळ्यात. लढाई संपली होती, वर्तमानपत्रं दुसऱ्या विषयांकडे वळली होती, आणि शेतात सुरुंग तसेच होते. सुरुंगाला शस्त्रसंधी कळत नाही. गुडघ्यावर बसायचं, प्रॉडर (सुरुंग शोधायची टोकदार सळई) तिरपा धरून माती टोचत जायचं, मोकळी झालेली वाट पांढऱ्या पट्टीने आखायची. सरळ टोचलं तर सुरुंगाच्या डोक्यावरच दाब पडतो, म्हणून तिरपं. तुझ्या आठ पानांत या उन्हाळ्याला एक ओळसुद्धा नाही! मला विचारशील तर तिथूनच सुरुवात कर.

तू बॉम्बे सॅपर्सच्याच रामा राघोबा राणे यांचा उल्लेख केलास, ते बरं केलंस. आजोबांना त्यांचा फार अभिमान. पण तूही इतरांसारखीच 8 ते 11 एप्रिल 1948 या चार दिवसांपाशी थांबलीस. जम्मूतला नौशेरा–राजौरी रस्ता, पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात दोन माणसं ठार आणि पाच जखमी, त्या जखमींत राणे स्वतः. पुढे रणगाड्याखाली सरपटत, दोरीने ड्रायव्हरला इशारे देत त्याला सुरुंगांतून पार नेणं. हे सगळं खरं आहे, आणि परमवीरचक्र त्यासाठीच मिळालं. पण जरा हिशोब कर. कारवारजवळच्या चेंडिया गावात 1918 साली जन्म. भरती 1940 मध्ये, साधा जवान म्हणून. मग ब्रह्मदेशातल्या अराकानात जपान्यांविरुद्धची लढाई, नाईक, हवालदार. अधिकारी झाले डिसेंबर 1947 मध्ये, म्हणजे त्या एप्रिलच्या जेमतेम चार महिने आधी. चार दिवस निभावले ते आधीच्या साडेसात वर्षांच्या जोरावर. नंतर आणखी वीस वर्षं नोकरी केली, 1968 मध्ये मेजर म्हणून बाहेर पडले आणि 1994 मध्ये पुण्यात गेले. शौर्याच्या प्रशस्तिपत्रात चार दिवस मावतात. ते तसंच असायला हवं, कारण शिफारस करणाऱ्याला घटना लिहायची असते, माणूस नाही. (मी अशा शिफारशी टाइप केल्या आहेत. जागा खरंच कमी असते.) तुला मात्र जागेची अडचण नाही.

आजोबा 1963 मध्ये भरती झाले, 1987 मध्ये सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले, तेव्हा वय त्रेचाळीस. गेले एक्याऐंशीव्या वर्षी. म्हणजे वर्दीत चोवीस वर्षं आणि वर्दीबाहेर अडतीस. त्या अडतीस वर्षांना तू 'निवृत्तीनंतर त्यांनी समाजकार्य केले' या एका वाक्यात गुंडाळलंस. कसलं समाजकार्य गं? बँकेच्या दारात बंदूक घेऊन बारा वर्षं उभे होते ते. तालुक्यातल्या विधवांना पेन्शनचे कागद भरून द्यायचे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एसटीने हेलपाटे घालायचे, दर नोव्हेंबरात गावातल्या म्हाताऱ्यांना हयातीच्या दाखल्याची आठवण करून द्यायचे. एका बाईचं नाव नवऱ्याच्या कागदांत वेगळं आणि आधारकार्डावर वेगळं होतं. त्यासाठी मला तीन वर्षं पत्रं लिहीत होते. बारीक, कोरीव अक्षर, आणि शेवटी नेहमी 'जय हिंद साहेब', मी त्यांना कितीदा 'साहेब' नको म्हटलं तरी.

'शूर', 'निधड्या छातीचे', 'देशासाठी सर्वस्व वाहिलेले' हे शब्द काढून टाक. पानापानावर आहेत आणि कुणाही फौजीला चिकटतात. त्याऐवजी ते जेवताना ताट कसं पुसून काढायचे ते लिही. घरात चिडायचे, तेही लिही. सुट्टीवर आल्यावर तुझे बाबा त्यांना ओळखायचे नाहीत आणि आजीमागे लपायचे, हे आजोबांनीच मला सांगितलं होतं, हसत हसत. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आजीला विचार, पण 'युद्धात काय झालं' असं विचारू नकोस. मनीऑर्डर किती यायची, पत्र यायला किती दिवस लागायचे, पाऊस लांबला तर पेरणी कुणी केली, असं विचार. तिच्या नोकरीची नोंद कुठल्याच ऑफिसात नाही. आमच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरगुती बदलांची नोंद होते त्या कागदात, ती दोनदाच येते: एकदा लग्न झालं तेव्हा, आणि एकदा तुझे बाबा जन्मले तेव्हा.

आठवणीतल्या तारखांवर फार विसंबू नकोस, माझ्याही. त्यांचं डिस्चार्ज बुक (नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत असणार, त्याची झेरॉक्स पावसाच्या आधी काढून घे, तो कागद दमट हवेत टिकत नाही. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर आहे. पुसट झाला असेल, तरी ओला फडका न लावता उतरवून घे. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिशील तेव्हा नावाआधी तोच विचारतील.

तुझा,
आजोबांचा कारकून