त्सूतेनकाकू वगळू नका, फक्त दृश्यासाठी जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, ओसाकात अबेनो हारुकास या उंच इमारतीवरून शहर बघायची तिकिटं काढून झाली आहेत, तर आता त्सूतेनकाकू या मनोऱ्यावर परत पैसे का घालायचे? सोबत गुडघ्याचा त्रास असलेल्या आई, आठ वर्षांचा मुलगा, आणि सगळे शाकाहारी.

नुसतं शहर वरून बघायचं असेल तर तुमचा हिशेब बरोबर आहे. हारुकास ३०० मीटर, आणि त्सूतेनकाकू वरचा वीजरोधक धरून १०८. हारुकासवरून खाली बघितलं तर हा मनोरा इमारतींच्या गर्दीत शोधावा लागतो. तरीही मी जा म्हणेन, कारण या मनोऱ्याची मजा त्याच्या पायथ्याशी आणि पोटात आहे.

१९०३ मध्ये इथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर १९१२ मध्ये शिनसेकाई ही वस्ती उभी राहिली. अर्धी पॅरिसच्या धर्तीवर, अर्धी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणाच्या. मधोमध मनोरा: खाली पॅरिसची विजय कमान, तिच्या डोक्यावर आयफेल टॉवर! शेजारच्या लूना पार्क या करमणूक उद्यानात जायला मनोऱ्यावरून चक्क रोपवे होता. हौस म्हणजे किती असावी. १९४३ मध्ये पायथ्याशी आग लागली, मनोरा पाडला आणि लोखंड युद्धाच्या कामी गेलं. युद्धानंतर मनोऱ्यावाचून वस्तीला कळा राहिली नाही म्हणून तिथल्याच दुकानदारांनी पुढाकार घेऊन भांडवल उभं केलं, आणि १९५६ मध्ये आजचा मनोरा उभा राहिला. आराखडा ताचू नाइतो यांचा. नागोयाचा टीव्ही टॉवर त्यांनी आधीच केला होता, टोकियो टॉवर नंतर, १९५८ मध्ये. त्या दोघांवरून टीव्हीचं प्रक्षेपण व्हायचं. हा मात्र निव्वळ वस्तीच्या हौसेचा, म्हणून मला तिघांत जास्त आवडतो. अंगावर हिताचीची भली मोठी जाहिरात आहे, तीही १९५७ पासून. काहींना ती खटकते. मला तिच्याशिवाय हा मनोरा उघडाबोडका वाटेल.

आता आत गेल्यावर. वर जायला लिफ्ट आहे, तेव्हा आईंच्या गुडघ्यांची फार काळजी नको. अगदी वरचा उघडा डेक वगळला तरी चालेल. त्याचं तिकीट वेगळं असतं. पाचव्या मजल्यावर बिलिकेन बसलेला आहे. टोकदार डोकं, मिचमिचे डोळे, पाय समोर पसरलेले. ओसाकाचा म्हणून मिरवतो, पण मूळचा अमेरिकन: फ्लॉरेन्स प्रेट्झ नावाच्या चित्रकर्तीने १९०८ मध्ये काढलेली बाहुली. आपण पायावर डोकं ठेवतो, इथे तळवे चोळायचे, की इच्छा पूर्ण होते म्हणतात. जुन्या मूर्तीचे तळवे लोकांनी चोळून चोळून झिजवले. आताची मूर्ती २०१२ ची. आईंना हा प्रकार नक्की आवडेल. फोटोसाठी रांग असते, पण भराभर सरकते.

मुलासाठी घसरगुंडी आहे, साठ मीटर लांबीची, मनोऱ्याच्या लिफ्टच्या खांबाभोवती वेटोळं घालत खाली येणारी. दहाएक सेकंदांत खेळ खलास. वय आणि उंची दोन्हीची अट आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी मनोऱ्याच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर तिथे पोहोचल्यावर रडारड व्हायची. त्याचं तिकीटही वेगळं.

वेळ संध्याकाळची ठेवा. सूर्यास्त हारुकासवरून बघायचा आणि मग इकडे यायचं, हा क्रम सगळ्यात चांगला, फक्त शेवटचा प्रवेश किती वाजता ते त्या दिवशीचं बघून घ्या. अंधार पडला की मनोऱ्याच्या टोकावरचे दिवे उद्याचं हवामान सांगतात: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळा म्हणजे पाऊस. दुसऱ्या दिवशी नाराला जाणार असाल तर छत्री घ्यायची की नाही ते तिथेच ठरवून टाका.

खाण्याचं मात्र जपून. शिनसेकाई म्हणजे कुशिकात्सु, काडीला टोचून तळलेले तुकडे. कमळकाकडी, कांदा, लाल आलं अशा भाज्याही मिळतात, पण वरच्या आवरणात बहुधा अंडं असतं, आणि मांस-मासे त्याच तेलात तळतात. सॉसमध्ये काय आहे ते तर विचारूच नका. कडक शाकाहारी असाल तर इथे जेवायच्या भानगडीत पडू नका. पोटभर खाऊन या किंवा डबा हॉटेलवर ठेवा. मी शाकाहारी पाहुण्यांना जानजान योकोचो या गल्लीतून नुसतं चालवून आणतो. गल्ली अरुंद आहे, शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, डाव मांडून बसलेले आजोबा काचेतून दिसतात, मुलगा तिथेच रेंगाळेल.

सब-वेने एबिसुचो स्टेशनला उतरा, तिथून समोरच मनोरा दिसतो आणि चालणं कमी पडतं. दोबुत्सुएनमाएवरूनही येता येतं, पण ते थोडं लांब. परतताना जानजान योकोचोतून चालत तिकडेच निघालात तर मिदोसुजी लाइन मिळते, उमेदाला थेट.