पिप्रहवाच्या रत्नांचा लिलाव कायदेशीर होता, मग भारताने तो थांबवायला का लावला?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं की पेपे कुटुंबाकडे ही रत्नं सव्वाशे वर्षं होती, कागदपत्रं स्वच्छ होती, मग त्यांनी ती सोथबीज या लिलावगृहात विकली तर अन्याय कसला.

कागदपत्रं स्वच्छ होती, मान्य. पण ते कागद कोणी केले ते बघा ना. 1898 च्या जानेवारीत विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला पिप्रहवा इथला एक मोठा ढिगारा खणला, आत्ताच्या यूपीतल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, अगदी नेपाळच्या बॉर्डरजवळ. आत निघाला विटांचा स्तूप, त्याच्या पोटात अखंड दगडात कोरलेली भलीमोठी पेटी, पेटीत करंडक म्हणजे झाकणाच्या छोट्या डब्या, आणि त्यात अस्थी, राख आणि त्यांच्यासोबत वाहिलेली मणी, मोती, रत्नं, सोन्याची पानं. एका करंडकावर ब्राह्मी या प्राचीन लिपीत लेख आहे, त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक असा लावतात की शाक्यांनी, म्हणजे बुद्धांच्या कुळाने, ठेवलेल्या या भगवान बुद्धांच्या अस्थी आहेत. मग ब्रिटिश सरकारने जमिनीत सापडलेल्या ठेव्यांसाठीचा 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लावला, अस्थी सयामच्या, म्हणजे आत्ताच्या थायलंडच्या, राजाला भेट दिल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमला गेली आणि एकसारखे एक पुष्कळ आहेत म्हणून साधारण पाचवा हिस्सा जादाचा धरून पेपेला ठेवू दिला. म्हणजे राज्य त्यांचं, कायदा त्यांचा, वाटणी करणारेही तेच, आणि ज्यांच्या श्रद्धेची वस्तू त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. तीच वाटणी 2025 मध्ये मालकीचा पुरावा म्हणून पुढे आली.

त्या रत्नांचे फोटो जरूर बघा. अकीक, अॅमेथिस्ट, गार्नेट, स्फटिक, त्यातून कापलेली इवलीशी फुलं आणि पानं, आणि सोन्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या आकृत्या. कोणीतरी हे अंगावर घालायला केलेलं नाही, राखेसोबत कायमचं ठेवायला वाहिलंय. आपल्याकडे नालासोपाऱ्याच्या स्तूपात 1882 ला पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना असंच एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे आणि भोवती सोन्याची फुलं. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्यातली फुलं कोणी वेगळी काढून विकायला ठेवली तर कसं वाटेल? मी बौद्ध घरातला आहे, माझ्यासाठी फुलं आणि अस्थी वेगळी होतच नाहीत.

आता न्यायाचं. आजचे कायदे अलीकडच्या चोरीवर चालतात. तंजावर जिल्ह्यातल्या पाथूरला 1976 मध्ये जमिनीतून निघालेला नटराज चोरून लंडनला पोचला होता, तिथल्या कोर्टाने 1988 ला देवळाच्या बाजूने निकाल दिला, अपिलातही तोच टिकला आणि 1991 ला मूर्ती परत आली. पण सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार 1970 चा, आपला पुरावस्तू कायदा 1972 चा, त्यामुळे 1898 ची गोष्ट परदेशातल्या कोर्टात न्यायची म्हटली की हे कायदे तोकडे पडतात, आणि ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं ते साम्राज्याच्या काळातच गेलं.

म्हणून इथे निकाल लागलाच नाही. लिलाव 7 मे 2025 ला हाँगकाँगला होता, अंदाज साधारण 10 कोटी हाँगकाँग डॉलरचा, आपल्या सांस्कृतिक मंत्रालयाने दोन दिवस आधी कायदेशीर नोटीस पाठवली, जगभरातल्या बौद्ध संस्था आणि अभ्यासक बोलले आणि लिलाव पुढे ढकलला गेला. कुटुंबाचं म्हणणं होतं की बौद्धांकडे ही रत्नं द्यायचा लिलाव हाच सगळ्यात पारदर्शक मार्ग. मला हे अजिबात पटत नाही, जास्त बोली लावेल त्याला वस्तू मिळते, तो बौद्ध असेल की नाही ते कोण ठरवणार.

जुलै अखेर रत्नं भारतात आली, पण गोदरेज समूहाने विकत घेतली म्हणून. त्यांचे आभार मानायलाच हवेत, लोकांना ती बघता येतात ही मोठी गोष्ट आहे. तरी बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी लंडनच्या म्युझियममधून परत आल्या आणि 1952 ला सांचीत ठेवल्या गेल्या, तेव्हा कोणी बिल फाडलं नव्हतं. यावेळी फाडावं लागलं, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या घराण्याच्या तिजोरीत असंच काही असेल तर वाट बघितली की गिऱ्हाईक मिळतं हे त्यांना कळलंय. माझं म्हणणं एवढंच की अस्थींसोबत पुरलेली वस्तू, ती कुठल्याही धर्माची असो, लिलावगृहाने घ्यायचीच नाही असा नियम हवा, आणि तो 1970 च्या आधी बाहेर गेलेल्या वस्तूंनाही लागू हवा.