पाचवा नंबर हातात, समोर कॉर्नरबॅक: घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: संघ गेल्या मोसमात तळाला होता, एनएफएल ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम; प्रत्येक निवड म्हणजे एक पिक) पाचवा नंबर मिळालाय आणि उरलेल्यांत सगळ्यात चांगला खेळाडू कॉर्नरबॅक आहे, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. एवढ्या वर तो घेतला तर संघ जिंकायला लागतो का?

लगेच तरी नाही. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ठरलेला असेल आणि बचावाच्या पुढच्या चार जणांच्या रेट्यावर समोरच्या क्वार्टरबॅकची घाई करता येत असेल, तर चांगला कॉर्नर सामने काढून देतो. हे दोन्ही नसताना घेतलेला कॉर्नर स्वतः मोठा होतो, संघ मात्र होता तिथेच राहतो.

२०२२ चा ड्राफ्ट यासाठी बघण्यासारखा आहे. ह्यूस्टनने तिसऱ्या नंबरवर डेरेक स्टिंगली ज्युनियर घेतला, जेट्सने चौथ्यावर सॉस गार्डनर. गार्डनर पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पहिली दोन्ही वर्षं ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात निवड). जेट्सचा हिशोब? ७-१० (७ विजय, १० पराभव), पुन्हा ७-१०, मग ५-१२. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी त्याला इंडियानापोलिसला देऊन पहिल्या फेरीचे दोन पिक आणि एक रिसीव्हर घेतला. ह्यूस्टनही स्टिंगलीच्या पहिल्या वर्षी ३-१३-१ (शेवटची एक बरोबरी) होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या नंबरवर सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक आला, तिसऱ्यावर विल अँडरसन ज्युनियर हा एज रशर (कडेने घुसून क्वार्टरबॅकवर चाल करणारा), आणि संघ १०-७ करून प्लेऑफमध्ये पोचला. प्रशिक्षकही नवा होता हे खरं, पण स्टिंगली तोच होता आणि त्याच्या एकट्याने आदल्या वर्षी काही हललं नव्हतं.

याचं कारण त्या जागेच्या स्वभावात आहे. कबड्डीत चढाईपटू भक्कम कोपरारक्षकाच्या नादी लागत नाही, कच्च्या बाजूला पाय टाकतो. क्वार्टरबॅकही तेच करतो. तुमचा पहिला कॉर्नर पोलादी असेल तर चेंडू दुसऱ्याकडे जातो, तोही बरा असेल तर स्लॉटमधल्या (आतल्या बाजूच्या) तिसऱ्याकडे. आणि आजकाल निम्म्याहून जास्त स्नॅप्सना (खेळींना) मैदानात पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतले बचावपटू) असतात, म्हणजे तिसरा कॉर्नर हा राखीव नाही, रोजचा खेळाडू आहे. एक पंचाण्णव मार्कांचा आणि दोन पन्नासचे, यापेक्षा पंचाहत्तरचे तिघे केव्हाही बरे. एज रशरचं तसं नाही. चेंडू डावीकडे जाणार असो की उजवीकडे, हातातून सुटायला सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात तो पोचला तर कुठल्याही बाजूचा पास बिघडतो.

आता हेच काम स्वस्तात कसं होतं ते फिलाडेल्फियाकडे बघून कळेल. २०२३ मध्ये पासिंग यार्ड्स देण्यात ते ३१ वे होते. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी २२ व्या नंबरवर क्विन्यॉन मिचेल घेतला, मग थोडं वर सरकून ४० व्यावर कूपर डीजीन. मिचेल बाहेर, डीजीन स्लॉटमध्ये, समन्वयक (बचावाचा प्रशिक्षक) म्हणून विक फँजिओ. त्या मोसमात तोच पास बचाव पहिल्या नंबरवर गेला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) त्यांनी एकदाही ब्लिट्झ (जादा बचावपटू चालून पाठवणं) न करता, चौघांच्याच जोरावर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकायच्या आत पाडलं. डीजीनचा ३८ यार्डांचा पिक-सिक्स (पास मधेच पकडून थेट टचडाउन) याच दबावातून आला: महोम्स उजवीकडे पळत होता, पाय रोवायला वेळ नव्हता, आणि डीजीन त्या पासच्या वाटेतच उभा होता.

ड्राफ्टमधल्या प्रत्येक नंबराची किंमत गुणांत मांडणाऱ्या, प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यात २२ व्या पिकचे ७८० गुण आहेत, ४० व्याचे ५००. बेरीज १२८०. पाचव्या नंबरचे एकट्याचे १७००. दोन खरे कॉर्नर घेऊनही चारशे गुण शिल्लक.

पैशांचा हिशोबही याच बाजूला झुकतो, आणि तो बहुतेक चर्चांत सुटतो. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पगार नंबरावर ठरतो, जागेवर नाही. गार्डनरचा चार वर्षांचा पहिला करार साधारण ३.३ कोटी डॉलरचा होता. चौथ्या नंबरवर एज रशर घेतला असता तरी तेवढाच पडला असता. पण बाजारात काय चालतं ते बघा. २०२५ मध्ये स्टिंगलीला वर्षाला ३ कोटींचा करार मिळाला, एज रशर मायका पार्सन्सला ४.७ कोटींचा. म्हणजे वरच्या पिकवर कॉर्नर घेतलात तर वर्षाला दोन कोटींच्या आसपास वाचतात, तसाच तालेवार एज रशर निघाला तर पावणेचारच्या पुढे. क्वार्टरबॅकचं तर विचारूच नका. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) सगळ्यांना सारखीच असल्यामुळे हा फरक थेट दुसऱ्या दोन-तीन जागांवर लावता येतो.

दुसरी अडचण अंदाजाची. कॉलेजचा कॉर्नर आणि एनएफएलचा कॉर्नर यांचं मैदान दिसायला एकच, पण आखणी वेगळी. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं (ज्यांच्या दरम्यान प्रत्येक खेळी सुरू होते त्या खुणांच्या ओळींमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. मैदानाची रुंदी १६० फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की आखूड बाजूच्या कॉर्नरला ६० फुटांचीच पट्टी सांभाळायची असते, साइडलाइन आयती मदतीला. एनएफएलमध्ये दोन्ही बाजू ७० फुटांपेक्षा मोठ्या. मग नियम. कॉलेजमध्ये पास इंटरफिअरन्सचा (झेल घेणाऱ्याला आडवं येण्याचा) दंड जास्तीत जास्त १५ यार्ड, म्हणून पळून जाणाऱ्या रिसीव्हरला धरणं कधीकधी फायद्याचंच ठरतं. एनएफएलमध्ये चूक झाली तिथे चेंडू, मग ते ४० यार्डांवर का असेना. शिवाय सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपलीकडे हात लावलात तरी फ्लॅग (दंड) आणि फुकटचा फर्स्ट डाउन (समोरच्यांना नव्याने चार संधी). कॉलेजमध्ये हाताच्या जोरावर चाललेला कॉर्नर पहिल्या वर्षी इथेच अडकतो. म्हणून कॉर्नरच्या कॉलेजमधल्या सामन्यांची फिल्म बघताना इंटरसेप्शन (त्याने मधेच पकडलेले पास) मोजू नका. तो आखूड बाजूला किती खेळला, सेफ्टीच्या (सगळ्यात मागच्या बचावपटूच्या) मदतीशिवाय मॅन कव्हरेजमध्ये (एकास एक) किती, रिसीव्हर वळला तेव्हा त्याचे पाय आधी फिरले की हात आधी गेले, हे बघा. हात आधी जाणारा मला दुसऱ्या फेरीतही नको.

इंटरसेप्शन का मोजू नयेत, यासाठी डॅलस पुरे. २०१२ मध्ये त्यांनी १४ वा आणि ४५ वा असे दोन पिक देऊन सहावा नंबर घेतला आणि मॉरिस क्लेबोर्नला आणलं. पाच वर्षांत चार इंटरसेप्शन, मधे गुडघ्याची मोठी दुखापत. पुढे २०२० मध्ये ५१ व्या नंबरवर ट्रेव्हॉन डिग्ज मिळाला: २०२१ मध्ये ११ इंटरसेप्शन, लगेच पुढच्या वर्षी ३. खेळाडू तोच, बचावही तोच. त्याच्या दिशेला येणारे चेंडू आणि नशीब वेगळं. आणि २०२२ मध्ये १६७ व्या नंबरवर घेतलेल्या डॅरॉन ब्लँडने २०२३ मध्ये पाच पिक-सिक्स करून विक्रम केला. एकाच संघात जितका खालचा पिक, तितकं मोठं फळ! यावरून नियम काढू नये, पण या जागेचा अंदाज किती फसतो ते दिसतं.

याचा अर्थ कॉर्नर फालतू, असं नाही. कॅन्सस सिटी वर्षानुवर्षं त्यांची नर्सरी चालवते. २०२२ मध्ये २९ वरून २१ वर सरकून ट्रेंट मॅकडफी, चौथ्या फेरीत जोशुआ विल्यम्स, सातव्यात जेलन वॉटसन. सोबत २०२० च्या चौथ्या फेरीतला लजॅरियस स्नीड. त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. पुढे स्नीड महाग झाल्यावर त्याला टेनेसीला देऊन तिसऱ्या फेरीचा पिक घेतला. त्यांचा बचाव समन्वयक स्टीव्ह स्पॅग्नुओलोला लाइनवर रिसीव्हरला अडवणारे, धक्काबुक्कीला न घाबरणारे कॉर्नर लागतात. त्या मापाचा गडी चौथ्या फेरीतही सापडतो, कारण माप आधीच ठरलेलं असतं. ज्या संघाचा समन्वयक दर दोन वर्षांनी बदलतो त्याने वर कॉर्नर घेणं म्हणजे झोनसाठी (आपापला पट्टा राखण्यासाठी) घेतलेला पोरगा पुढच्या वर्षी मॅनमध्ये उघडा पाडणं.

तेव्हा पाचव्या नंबरवर बसून काय करायचं? आधी फोन फिरवा. तक्त्याप्रमाणे १२ वा (१२००) आणि ४३ वा (४७०) मिळून १६७० होतात, म्हणजे जवळपास बरोबरीचा सौदा. कुणाला क्वार्टरबॅकसाठी वर यायचं असेल तर याहून जास्तही निघेल. मग १२ व्यावर टॅकल (आपल्या क्वार्टरबॅकला वाचवणारा) किंवा एज, ४३ व्यावर कॉर्नर, आणि चौथ्या-पाचव्या फेरीत लांब हातांचा आणखी एक. पहिल्या फेरीच्या शेपटाला कॉर्नर मिळत असेल तर दोन-चार नंबर वर सरकायला हरकत नाही: करार एक वर्ष वाढवायचा, म्हणजे पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्यांना लागू असतो, आणि कॉर्नरला पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे ते एक वर्ष इथे सोन्याचं.

सिएटलने २०२३ मध्ये पाचव्यावर डेव्हन विदरस्पून घेतला तो दाखला लोक देतात. तो पिक रसेल विल्सनच्या बदल्यात डेन्व्हरकडून आला होता, सिएटल स्वतः तळाचा संघ नव्हता, आणि त्यांचा स्वतःचा २० वा पिक शाबूत होता. असा वरकड पिक तुमच्याकडे असेल तर खुशाल घ्या. गिऱ्हाईक मिळालं नाही, एज आणि टॅकल दोन्ही संपले, आणि कॉर्नर बाकीच्यांपेक्षा खरोखरच दोन पायऱ्या वर असेल, तरीही घ्या. फक्त पहिल्या वर्षी पॉइंट्स टेबलकडे बघून त्याला नावं ठेवू नका, आणि पुढच्या ड्राफ्टचा पहिला पिक पास रशसाठी आत्ताच राखून ठेवा.