निरोगी आयुर्मान ६३ वर्षे म्हणजे त्यानंतर आजारपणच का?

आपले वडील ६२ व्या वर्षी मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले, आणि जगाचे सरासरी आयुर्मान ७३ तर निरोगी आयुर्मान ६३ असल्याचे वाचून पुढची दहा वर्षे अंथरुणातच जाणार की काय, असे आपण विचारले आहे. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात सांख्यिकी शिकवीत असे. आमच्या रामबागेतील ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीतही हीच शंका निघते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उत्तर मात्र ‘नाही’ असेच आहे.

निरोगी आयुर्मान म्हणजे आरोग्य संपण्याचे वय नव्हे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ सुलिव्हन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक वयोगटातील जगलेल्या वर्षांमधून त्या वयात लोकांना किती आणि किती तीव्र व्याधी असतात त्या प्रमाणात वजावट केली जाते. एखाद्याचे आरोग्य गुडघेदुखीमुळे एक दशांशाने उणावले, असे धरले, तर अशी दहा वर्षे काढल्यावर त्याच्या खात्यातून एकच वर्ष वजा होते. ही वजावट म्हातारपणापुरती नसते. विशीतले नैराश्य, चाळिशीतली कंबरदुखी, तरुणपणीचा मधुमेह हे सारे त्यात येते. म्हणजे ती दहा वर्षे सबंध आयुष्यभर पसरलेली आहेत, जरी त्यांचा दाट भाग उतारवयात येत असला तरी.

आता जगाचा कल पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात आयुर्मान सुमारे ६७ वरून ७३ वर गेले आणि निरोगी आयुर्मान ५८ वरून साडेत्रेसष्टच्या आसपास आले. वाढलेल्या वर्षांपैकी बहुतेक चांगल्या प्रकृतीची होती, पण सगळी नव्हेत. त्यामुळे दोन आकड्यांमधील अंतर किंचित रुंदावले. करोनाच्या साथीत २०२१ पर्यंत आयुर्मान ७१.४ आणि निरोगी आयुर्मान ६१.९ इतके खाली आले होते.

अंतर रुंदावण्याचे कारण मला दोन उपचारांची तुलना केल्यावर नीट दिसते. डायलिसिसमुळे रुग्ण जगतो, पण आठवड्यातून दोन-तीनदा तासन्‌तास यंत्राला जोडलेला राहतो. आयुर्मान वाढते, निरोगी आयुर्मान त्या मानाने थोडेच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मृत्यू फारसा टाळत नाही, पण दृष्टी परत देते आणि मुख्यतः निरोगी वर्षांत भर घालते. गेल्या काही दशकांत हृदयविकार आणि मधुमेह यांतून होणारे अकाली मृत्यू लांबवण्यात वैद्यकाने जितके यश मिळवले, तितके हे आजार मुळात होऊच न देण्यात मिळवले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. (रात्री उशिरा सराफ्यात गरम जिलबी खाणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी यावर फार बोलू नये.)

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. जगभरात त्या पुरुषांपेक्षा सरासरी पाच वर्षे जास्त जगतात, पण निरोगी वर्षांतील त्यांची आघाडी त्याच्या निम्मीच भरते. आपल्याकडे वजावट फार लवकर सुरू होते: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वडिलांची काळजी करताना आईचे हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

राहिला ‘जन्मावेळचे’ हा शब्द, जो बातम्यांत हमखास गळतो. ७३ हा आकडा नवजात बालकाचा आहे, आणि त्यात बाळपणीच दगावणाऱ्यांचे मृत्यूही धरलेले असतात. २०२० मध्ये हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६ होते, तर आपल्या मध्य प्रदेशात ४३. हे सारे धोके पार करून साठीला पोहोचलेल्या भारतीयापुढे सरासरी आणखी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असते, आणि सरासरी म्हटले की पुष्कळ जण त्याहून पुढे जातात. तेव्हा वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा आणि आरोग्य विम्याचा हिशेब मांडताना ७३ नव्हे, निदान ८५ वर्षे धरून चला.