नोकरी सोडू नका, आधी मुलाला विचारा

*प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. दहावीला ८६ टक्के मिळाले. चार वर्षांपासून तो पोकेमॉनचा कार्डांचा खेळ स्पर्धांमध्ये खेळतो. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे, तिच्या आमंत्रणासाठी लागणारे गुण थोडक्यात कमी पडताहेत. सीनियर गटातलं हे त्याचं शेवटचं वर्ष. त्यामुळे अकरावीला नियमित कॉलेज न घेता मुक्त विद्यालयातून बारावी करून त्याला पूर्णवेळ खेळात उतरवावं असं मला वाटतं. बुद्धिबळपटू गुकेशच्या वडिलांनी डॉक्टरकीची प्रॅक्टिस थांबवली, तशी मीही स्वेच्छानिवृत्ती घेणार आहे. पत्नीचा विरोध आहे. त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ मी स्वतः पाहून चुकांची वही ठेवतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्याला उलट्या होतात, पण सवयीने ते जाईल असं प्रशिक्षक म्हणतात. सरकारने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, तर पुढे खेळाडू कोट्याचाही फायदा होईल ना? योग्य दिशा दाखवावी. — एक पालक, नाशिक*

तुमचं पत्र अडीच पानांचं आहे. त्यात गुण आहेत, खर्च आहे, परदेशातल्या स्पर्धांचे निकाल आहेत, प्रशिक्षकाची फी आहे. उलट्यांचं वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आलं आहे, तेही एका ओळीत. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे.

पंधरा वर्षांच्या मुलाला खेळायला जाण्याच्या आदल्या रात्री दर वेळी उलट्या होत असतील, तर ती सवयीने जाणारी गोष्ट नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. पोटाचं काही नाही असं ते म्हणाले, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. प्रशिक्षक कार्डांचे जाणकार असतील, पण या बाबतीत त्यांचं मत घेण्याचं काहीच कारण नाही. आणि तोवर एकही स्पर्धा नको. आमंत्रण हुकलं तर हुकू दे.

हे वाचून तुम्हाला राग येईल. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक मुलाचा खेळ बंद करायला निघालेले असतात, मोबाइल काढून घेतलेले असतात. तुम्ही तसे नाही. मुलाच्या आवडीसाठी पैसा, रजा, झोप सगळं दिलंत, हे मला दिसतंय आणि त्याची मला कदरही आहे. पण अभ्यासासाठी छळणारा बाप आणि खेळासाठी छळणारा बाप, यांत मुलाच्या पोटाला फरक कळत नाही. उलट दुसरा जास्त अवघड. अभ्यासाचा ताण आला की मूल खेळाकडे पळतं. खेळाचाच ताण झाला तर त्याने कुठे पळायचं? त्याची आवडती गोष्टच तुमच्या ताब्यात गेली आहे.

त्या चुकांच्या वहीबद्दल. तुम्ही लिहिलंय की गेल्या स्पर्धेत त्याने ‘हातची मॅच घालवली’. हा खेळ नीट बघू या. डेक, म्हणजे खेळाडूचा स्वतःचा गठ्ठा, ६० कार्डांचा. सुरुवातीला हातात ७ येतात, ६ कार्डं प्राइझ म्हणून पालथी बाजूला जातात, आणि समोरच्याचा पोकेमॉन हरवल्याशिवाय ती उचलता येत नाहीत. म्हणजे डेकमध्ये ज्या कार्डाची एकच प्रत आहे, ते सरासरी दर दहा डावांतून एकदा त्या पालथ्या सहांत अडकतं. सुरुवातीच्या हातात एकही बेसिक, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारा, पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं आणि प्रतिस्पर्ध्याला जादा कार्ड घेण्याची मुभा द्यायची. उत्तम खेळूनही हरणं हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे. म्हणून तर मोठ्या स्पर्धांत तीन डावांची मॅच असते आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर चित्र स्पष्ट होतं. जेसन क्लाझिन्स्कीने २००६, २००८ आणि २०१३ अशी तीनदा ही जागतिक स्पर्धा जिंकली. मधल्या वर्षांत विजेतेपद मिळालं नाही, आणि तरीही तो या खेळातला थोर खेळाडू मानला जातो.

चांगला निर्णय आणि चांगला निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पंधराव्या वर्षी अंगात मुरवणारे खेळ फार थोडे. हा त्यातला एक. तुमच्या वहीत मात्र निकालावरून चुका ठरताहेत. जिथे नशीब आडवं आलं तिथेही मुलाला दोष लागतोय. त्यालाही हे कळत असणार, तो तुमच्यापेक्षा चांगला खेळाडू आहे. ती वही बंद करा. त्याला हवी असेल तर तो स्वतः ठेवेल.

आता गुकेश. हा गैरसमज मला अलीकडे फार भेटतो, म्हणून जरा सविस्तर. डी. गुकेश १२ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि १८ व्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, सिंगापूरला जगज्जेता. त्याच्या वडिलांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवली, त्या काळात आईची नोकरी चालू होती. ही गोष्ट खरीच आहे, पण तिच्याखालची जमीन बघा. बुद्धिबळाला आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, देशोदेशी संघटना आहेत, वर्षानुवर्षं पुढे चालणारं रेटिंग आहे, मिळालेला किताब आयुष्यभर राहतो. उद्या खेळणं थांबवलं तरी शिकवून घर चालतं. पोकेमॉनचा खेळ एका कंपनीच्या मालकीचा आहे. नियम तीच ठरवते, स्पर्धा तीच घेते. दरवर्षी जुने संच मुख्य स्पर्धाप्रकारातून बाद होतात आणि नवी कार्डं घ्यावी लागतात. ज्या गुणांसाठी तुम्ही धावताय ते हंगाम संपला की पुन्हा शून्यावर येतात. यात खेळाला कमीपणा नाही. खेळ म्हणून तो मला आवडतो. पण एका कुटुंबाचा पगार त्यावर टांगावा अशी ती रचना नाही.

पैशाचंही बघा. २०२४ मध्ये होनोलुलूला चिलीचा १८ वर्षांचा फर्नांडो सिफुएन्तेस जागतिक स्पर्धेत सर्वांत वरच्या वयाच्या मास्टर्स गटात जिंकला, त्याला ५० हजार डॉलर मिळाले, तेव्हाच्या दराने सुमारे ४२ लाख रुपये. जगभरातून एकाला आणि वर्षातून एकदा. खाली उतरत गेलं की रक्कम झपाट्याने कमी होते. आमंत्रण मिळालं म्हणजे प्रवासखर्च मिळतो असंही नाही, तो अगदी वरच्या मोजक्या खेळाडूंना मिळतो. बाकीचे स्वतःच्या खिशातून व्हिसा, विमान, हॉटेल करतात. या खेळावर घर चालवणारे जे थोडे लोक आहेत, त्यांची कमाई बहुतेक बक्षिसांची नसते. पोकेमॉनच्याच जागतिक स्पर्धेतला २०१६ चा व्हिडिओ गेम गटातला विजेता वुल्फ ग्लिक आज ओळखला जातो तो यूट्यूबमुळे.

‘सीनियरचं शेवटचं वर्ष’ ही घाई तर पूर्ण काढून टाका. गट जन्मवर्षावरून ठरतात : ज्युनियर, सीनियर, मास्टर्स. मास्टर्सला वरची वयोमर्यादा नाही. पंचविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून तो सॅन फ्रान्सिस्कोला नाही तर आणखी कुठे जाऊ शकतो. कुठलंही दार बंद होत नाहीये. बंद होतंय ते अकरावीच्या प्रवेशाचं वेळापत्रक, आणि ते दर वर्षी आपली वाट बघत नाही.

कोट्याचं थोडक्यात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, हे बरोबर. तीर्थ मेहताने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन या संगणकावरच्या कार्डांच्या खेळात कांस्य मिळवलं होतं, तेव्हा हा प्रकार तिथे प्रात्यक्षिक म्हणून होता. पण राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांमधलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण ठरावीक खेळ, मान्यताप्राप्त संघटना आणि ठरावीक स्पर्धा यांच्या यादीवर चालतं. एका कंपनीने भरवलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र त्या खिडकीवर चालणार नाही. शिवाय तुमचा मुलगा टेबलावर समोरासमोर कागदी कार्डं खेळतो. त्याला ऑनलाइन खेळाच्या कायद्यात बसवू नका.

स्वेच्छानिवृत्ती घेऊ नका. हे मी पैशापुरतं म्हणत नाही. ज्या दिवशी तुम्ही राजीनामा द्याल, त्या दिवसापासून त्या मुलाच्या प्रत्येक डावावर घराचा किराणा असेल. आदल्या रात्रीच्या उलट्या तेव्हा कुठे जातील? तुमच्या पत्नी विरोध करताहेत असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. या पत्रात मुलाच्या बाजूने बोललेलं मला एवढंच सापडलं. त्यांचं ऐका.

पुढच्या शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. अकरावीचा फॉर्म भरा, नियमित कॉलेजचा. शाखा त्याला निवडू द्या. गणित आवडत असेल तर पुढे संख्याशास्त्र आहे, चित्रकला आणि खेळ रचणं आवडत असेल तर यूसीडची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत डिझाइनची पदवी आहे. कार्डांचाच नाद राहिला तर १८ पूर्ण झाल्यावर स्पर्धांचा पंच होता येतं, त्यासाठी कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा असते. पण यातलं काहीही आज ठरवायची गरज नाही, आणि यातलं काहीही तुम्ही ठरवायचं नाही.

कारण अडीच पानांत मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही. या खेळात त्याला काय आवडतं? कुठला पोकेमॉन, कुठल्या पद्धतीचा डेक, जिंकण्यापेक्षा दुसऱ्यांबरोबर अदलाबदल करणं, चित्रं, की आकडेमोड? त्याने अजून खेळायचंय की थांबायचंय, हे त्याला कुणी विचारलं? या आठवड्यात विचारा. प्रशिक्षक नको, व्हिडिओ नको, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तर नकोच. ‘थांबायचंय’ असं तो म्हणाला तर खर्चाचा हिशेब काढू नका आणि ‘नीट विचार कर’ असंही म्हणू नका. ‘बरं’ म्हणा. खेळायचंय म्हणाला तर वर्षाला एखादी जवळची स्पर्धा, तीही त्याने निवडलेली, आणि तुम्ही सभागृहाबाहेर थांबायचं.

त्याला मला स्वतः लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू द्या. मी उत्तर देईन. फक्त ते पत्र तुम्ही आधी वाचू नका.